लाल चाळीस, पांढरे आठ

नाना गेले ते कांडी बदलताना.
तीन नंबरचा माग अजून थोडा वेळ चालला,
धोटा रिकामाच इकडून तिकडे,
मग मौलासाबनं खटका पाडला.
भद्रावती पेठेत त्या दुपारी
आमच्या शेडपुरती शांतता झाली.
शेजारचे माग चालूच होते. ऑर्डर होती त्यांची.

मृत्युपत्र नव्हतं.
"करू की," म्हणायचे, "गड्डा होऊ दे."
असे त्र्याहत्तर गड्डे झाले.
टॉवेलची वीण इंचाला मोजणारा माणूस,
उधारीवर दिलेला सुताचा गठ्ठा
बारा वर्षांनी आठवून मागणारा,
आणि स्वतःच्या मागे एक ओळ नाही.

वकीलबाईंनी वंशावळ काढली.
वर नाना, खाली चार रेघा:
अम्मा, गोवर्धन, मी, पुरुषोत्तम.
माझ्या नावापुढे 'विवाहित',
भावांच्या पुढे काहीच नाही,
जसे ते अजून बाशिंगाची वाट बघतायत.
"चौघांना सारखं," बाई म्हणाल्या.
त्या आठवड्यात वहिनी मला रोज जेवायला थांब म्हणाली,
शेंगाचटणीवर तेल नेहमीपेक्षा जास्त.
पाचव्या दिवशी ताटाशेजारी कागद:
हक्कसोडपत्र.

मग मार्कंडेयाच्या तसबिरीमागे
ती घडी सापडली.
नानांचं अक्षर, खाली सही, तारीख.
तेलुगूत.
आम्ही घरात तेलुगू बोलतो, भांडतो मराठीत,
शाळा तिघांची मराठी;
ती गोल गोल अक्षरं आम्हाला
कढईतल्या बोरांसारखी दिसतात.
तीन दिवस घडी देव्हाऱ्यात पडून.
कुणीच म्हणेना, चला वाचून घेऊ.
गोवर्धन रात्री दोनदा पाणी प्यायला उठला.
मीही उठले होते, म्हणून कळलं.

शेवटी सगळे पुल्लय्या सरांकडे.
सरांनी चष्मा धोतराला पुसला,
घसा साफ केला,
पुरुषोत्तमनं मोबाईल रेकॉर्डिंगला लावला.
"लाल चाळीस.
पांढरे आठ.
लाल चाळीस.
हिरवे सहा, परत पांढरे आठ.
मधे मोर.
मोराला डोळा नको, उगाच दोरा तुटतो."
चादरीची किनार होती ती.
"पुढे?" गोवर्धन.
सरांनी कागद उलटा केला.
मागे चहाच्या कपाचा गोल डाग.

उतरताना जिन्यात
अम्मा तोंडाला पदर लावून हसली.
रडत असेल असं समजून
पुरुषोत्तमनं तिचा हात धरला.

तेराव्यानंतर मौलासाब आला.
उंबऱ्याच्या आत आला नाही.
"नाना म्हणाले होते, तीन नंबर तुझा."
"कागद आहे?"
"नाही."
शेडमधला पंखा कुणी चालूच ठेवला होता,
तो बंद करून गेला.

मला माहीत होतं.
दिवाळीच्या आधी मी चहा घेऊन गेले होते,
आठही माग धडधडत होते,
त्या आवाजात कुणी ओरडत नाही.
आमच्याकडे सगळे ओठ वाचतात.
नाना मौलासाबला म्हणाले, मूनु नीदी. तीन तुझा.
अक्षरं नाही आली मला त्यांची.
ओठ येत होते.

आज दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गर्दी,
टोकन सत्तेचाळीस,
कुणाचं तरी पोर रडतंय, प्रिंटर अडकलाय.
काऊंटरच्या पलीकडच्या बाकावरून
गोवर्धन माझ्याकडे बघून
नुसते ओठ हलवतो: कर सही.
भंगारवाला किलोनं भाव देऊन गेलाय, मला कळलंय.
शाई लावून ठेवलेला अंगठा
मी तसाच हवेत धरते
आणि आवाज न करता, सावकाश, सांगते त्याला:
आधी तीन नंबर.

तोही त्याच शेडमध्ये वाढलाय.
नीट वाचतो.
वाचून होतं त्याचं,
तरी माझ्या तोंडाकडेच बघत राहतो.